मिलानची बॅग ठाण्यात कितीला पडते?

मिलानच्या व्हिया मोंते नापोलेओनेवर काचेमागची बॅग बघायची, मोबाइलवर युरोला शंभराने गुणायचं आणि ‘आपल्याकडल्यापेक्षा स्वस्तच आहे की’ म्हणत कार्ड काढायचं, हा इटलीच्या सुट्टीतला सर्वांत महागडा क्षण. हा हिशोब निघण्याआधी घरी बसून करायचा असतो. तो जमला की हॉटेल कुठलं, मुक्कामांचा क्रम कसा, खरेदी कोणत्या दिवशी, हे बरंचसं आपोआप ठरतं.

समजा बॅग २,४४० युरोची आहे आणि तोंडी हिशोबाला एक युरो म्हणजे १०० रुपये. इटलीत व्हॅट २२ टक्के आहे, पण तो लेबलावरच्या किमतीत आधीच धरलेला असतो. त्यामुळे २,४४० मध्ये कर ४४० युरो, म्हणजे किमतीच्या १८ टक्के. ‘२२ टक्के परत मिळतात’ हे ऐकीव गणित इथेच चुकतं. परदेशी प्रवाशाला हा कर परत मिळवून द्यायचं काम ग्लोबल ब्लू, प्लॅनेट अशा कंपन्या करतात आणि त्या आपलं कमिशन कापून घेतात. हातात साधारण १२ टक्के येतात, म्हणजे २९० युरोच्या आसपास. आता उलटी बाजू. नेहमीच्या भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी धरला, तर २,४४,००० रुपयांवर दहा हजार जातात. शेवटी मुंबईचं सीमाशुल्क. भारतात राहणाऱ्या प्रवाशाला २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणता यायचा. फेब्रुवारी २०२६ मध्ये ही मर्यादा ७५,००० झाली. वरच्या रकमेवर ३८.५ टक्के धरले, तर १,६९,००० वर ६५,००० रुपये. परतावा वजा करूनही एकूण बेरीज २,९०,००० च्या घरात जाते. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरचा चालू आकडा घेऊनच ही बेरीज पुन्हा करा.

मग एखाद्या शनिवारी बीकेसीच्या जिओ वर्ल्ड प्लाझामध्ये जाऊन तीच बॅग, तोच रंग, त्याच मापात कितीला आहे ते विचारून या. फरक दहा-पंधरा हजारांचाच असेल, तर इथेच घ्या. दुरुस्तीला दुकान हाताशी राहतं. इटलीत पैसे खरे वाचतात ते मर्यादेत बसणाऱ्या वस्तूंवर: बूट, पट्टा, पाकीट, रेशमी स्कार्फ, चष्म्याची फ्रेम. ही मर्यादा माणशी असते आणि ती एकत्र करता येत नाही. नवरा-बायकोचे मिळून दीड लाख होतात म्हणून दीड लाखाची एक बॅग बिनशुल्क सुटत नाही. पण सत्तर हजारांच्या आतल्या दोन वस्तू दोघांच्या नावावर, वेगळ्या बिलांनी घेतल्या तर सुटतात.

तारखांबद्दल थोडं वाईट बोलावं लागेल. इटलीतले सेल, ज्यांना तिथे ‘साल्दी’ म्हणतात, वर्षातून दोनदा लागतात: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या सुरुवातीला. आपली मंडळी जातात ती मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, म्हणजे दोन्ही वेळा नवा, पूर्ण किमतीचा माल लागलेला असतो. नाताळच्या सुट्टीला जोडून जानेवारीची पहिली तारीख ओलांडता आली, तर उत्तम. तरी एक लक्षात ठेवा: सेलमध्ये हंगामी कपडे आणि बूट उतरतात, नेहमीच्या काळ्या-तपकिरी बॅगा सहसा उतरत नाहीत. ऑगस्टचा मध्य टाळाच. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीला अख्खं मिलान समुद्रावर गेलेलं असतं.

मेमध्ये जायचं तर व्हिसाचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या मुंबई केंद्रात द्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून स्वीकारतात. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तिकीट काढताना विमानतळाचा कोड बघा: बीओएम म्हणजे अंधेरी, एनएमआय म्हणजे उलवे. घोडबंदर रोडवरून रात्री निघणाऱ्याला हा फरक टॅक्सीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

मुक्कामांचा क्रम रोम, फ्लॉरेन्स, मिलान असा ठेवा. जाताना विमान रोमला उतरेल आणि परतीचं मिलानच्या मालपेन्साहून निघेल, असं तिकीट काढा. कारण साधं: मोठी खरेदी शेवटच्या शहरात झाली की ती आगगाडीतून ओढत न्यावी लागत नाही. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लॉरेन्स ते मिलान दोन तासांच्या आत. व्हेनिस मध्ये घालणार असाल, तर हॉटेल निवडताना ‘बोटीला थेट दार आहे का’ एवढा एकच प्रश्न विचारा. नसेल, तर तेवीस किलोची बॅग पुलांच्या पायऱ्यांवरून उचलत न्यावी लागते. पंचतारांकित हॉटेलातल्या पाहुण्यालाही पूल चुकत नाहीत.

मिलानमध्ये हॉटेल क्वाद्रिलातेरोच्या चालण्याच्या अंतरावर हवं. मोंते नापोलेओने, देल्ला स्पिगा, मानझोनी आणि कोर्सो व्हेनेझिया या चार रस्त्यांनी बांधलेला हा चौकोन. जुन्या वास्तूत राहायचं तर व्हिया जेझूवरचं फोर सीझन्स पंधराव्या शतकातल्या मठात आहे. कोर्सो व्हेनेझियावरचं पोर्ट्रेट जुन्या धर्मविद्यालयात आहे, आणि ते फेर्रागामो कुटुंबाचं आहे. ग्रँड होटेल ए द मिलानमध्ये संगीतकार व्हेर्दी १९०१ साली वारला. फॅशनच्या माणसाला अर्थात व्हिया मानझोनीवरचं आर्मानी, नाहीतर बागेतलं बुल्गारी. फेब्रुवारी आणि सप्टेंबरमधला फॅशन वीक आणि एप्रिलमधलं फर्निचरचं मोठं प्रदर्शन, या दिवसांत याच खोल्यांचे दर पार आभाळाला भिडतात. कोमो सरोवरावर एक-दोन रात्री काढायच्या असतील, तर चेर्नोब्बियोचं व्हिला देस्ते १८७३ पासून हॉटेल आहे. पण तिथली बडी हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात. जानेवारीच्या सेलवाल्यांनी कोमो विसरावं.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: न्याहारी धरलेली आहे का, रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतील, आणि शहर-कर किती. हा कर माणशी, दर रात्रीचा असतो आणि हॉटेल सोडताना वेगळा भरावा लागतो. रोममध्ये पंचतारांकितला १० युरो, म्हणजे चौघांच्या चार रात्रींचे १६० युरो. ऑनलाइन दरात तो धरलेला नसतो. शाकाहारी असाल तर त्याच पत्रात तसं कळवा. पार्मेजानो चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या पदार्थाने विरजलेलं असतं आणि रिझोत्तोत बऱ्याचदा मांसाचं पाणी असतं. नुसतं ‘नो मीट’ म्हटल्याने हे सुटत नाही.

गाडी भाड्याने घ्यायचीच असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओतून आधी काढा. शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना झेडटीएल नावाची बंदी असते. दारावर माणूस नसतो, कॅमेरा असतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. हॉटेल त्या हद्दीत असेल, तर गाडीचा नंबर त्यांना आदल्या दिवशी देऊन नोंद करून घ्या.

आता दुकान. फ्लॉरेन्स हे चामड्याचं गाव, गुच्चीही इथेच १९२१ साली सुरू झालं. ब्रँडच्या नावाला पैसे मोजायचे नसतील, तर सांता क्रोचे चर्चच्या मागे १९५० साली सुरू झालेली स्क्वोला देल कुओयो ही शाळा आहे. तिथे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. सान लोरेंझोच्या बाजारात मात्र डोळे उघडे ठेवा, तिथला बराच माल इटलीत बनलेलाच नसतो. बॅग हातात घेतली की आधी कडा बघा. चांगल्या बॅगेत कापलेल्या कडेवर रंगाचे थर एकसारखे बसलेले असतात, नखाने हळूच दाबलं तर पापुद्रा सुटत नाही. मग अंगठा दाबा: खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या बोटाभोवती पसरतात आणि सोडल्यावर विरतात. प्लॅस्टिकचा थर चढवलेल्यावर नुसता खड्डा पडतो. पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथली शिवण उलटून बघा, सगळं वजन तिथेच येतं. रस्त्यावर चादर पसरून विकतात ती नक्कल घेऊ नका. तिथे घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो ७,००० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

फ्लॉरेन्सपासून बसने तासाभराच्या आत लेच्चो गावात द मॉल हे आउटलेट आहे. मिलानवाल्यांसाठी सेर्राव्हाल्ले. दोन्हीकडे आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडताना पोचा. माल मागच्या हंगामाचा असतो, किंवा खास आउटलेटसाठीच बनवलेला, म्हणून मॉडेलचं नाव फोनवर तपासूनच पैसे द्या. नुसती ‘आवडली नाही’ म्हणून वस्तू परत घेण्याचं बंधन इटलीत दुकानदारावर नाही.

मापं: बायकांचं इटालियन ४२ म्हणजे ब्रिटिश १०. पुरुषांच्या कोटाला इटालियन आकड्यातून १० वजा करा, ५० म्हणजे आपला ४०. कोटाची बाही किंवा पँटची लांबी दुकानातच करून मिळते, पण दोन-तीन दिवस लागू शकतात. तेव्हा कपडे मिलानला पोचल्याच्या पहिल्या दिवशी, आणि बॅगा-बूट शेवटी. मशीनने ‘युरो की रुपये’ विचारलं तर युरोच दाबा. रुपये दाबलेत तर दर बँकेचा नाही, त्यांचा लागतो. कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि रोजची मर्यादा ठाण्यात असतानाच ॲपमधून उघडून ठेवा. खरेदीच्या मोठ्या पिशव्या हातात मिरवत मिलानो चेंत्राले स्टेशनात शिरू नका, दुकानदाराला वस्तू हॉटेलवर पाठवायला सांगा.

एका दुकानात ७० युरोंहून अधिक खरेदी झाली की टॅक्स-फ्री फॉर्म मागता येतो. २०२४ च्या फेब्रुवारीपूर्वी ही मर्यादा जवळजवळ १५५ होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. पासपोर्ट सोबत हवा. फॉर्मवरचं नाव आणि नंबर अक्षर-न्-अक्षर दुकानातच जुळवा, विमानतळावर चूक दुरुस्त होत नाही. मुलगा मिलानला शिकत असेल आणि त्याच्याकडे तिथला निवासी परवाना असेल, तर बिल त्याच्या नावावर नको: युरोपीय संघात राहणाऱ्याला परतावा मिळत नाही.

मालपेन्साला चार तास आधी पोचा. वस्तू मोठ्या बॅगेत असतील तर ती बॅग विमान कंपनीकडे देण्याआधी परताव्याच्या खिडकीवर जा. इटलीतल्या पावत्या आता ओतेल्लो या संगणकीय यंत्रणेतून तपासतात. बहुतेक फॉर्म तिथल्या तिथे मंजूर होतात, काहींना सीमाशुल्काच्या माणसाला वस्तू दाखवावी लागते. लेबल काढून वापरलेली दिसली तर तो नाकारू शकतो. आखाती देश, इस्तंबूल किंवा झुरिकमार्गे येत असाल, तर शेवटचा युरोपीय संघाचा विमानतळ मालपेन्साच, सगळं तिथेच उरकतं. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे असाल, तर थेट मुंबईला जाणाऱ्या बॅगेतल्या वस्तू मालपेन्साला आणि हातातल्या वस्तू त्या दुसऱ्या विमानतळावर, अशी विभागणी होते. माल खरेदीच्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत बाहेर पडला पाहिजे. शहरातच रोख परतावा घेतलात आणि हे मंजुरीचं काम राहून गेलं, तर कंपनी ती रक्कम कार्डावरून वळती करून घेते.

मुंबईत मर्यादेपेक्षा जास्त माल असेल तर लाल मार्गिका. बिल वरच्याच कप्प्यात ठेवा, खोके फेकून दिले म्हणून किंमत लपत नाही आणि हिरव्या मार्गिकेत पकडलं गेलं तर दंड वेगळा. शुल्क भरल्याची पावती घरी नीट फाइल करा. पुढच्या वर्षी तीच बॅग खांद्याला लावून दुबईहून परत आलात की अधिकारी हीच पावती मागेल. जुनं महागडं घड्याळ हातात घालून जाणार असाल, तर जातानाच सीमाशुल्काकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यासाठी विमानतळावर अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरून निघा.