किल -९ लाही दाद न देणारी प्रोसेस: इंटरप्टिबल करताना या चुका टाळा

पीएस ही कमांड चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, यादी दाखवते. त्या यादीत प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत) अडकली की किल -९, म्हणजे सक्तीने मारणारा सिग्नल, पाठवूनही ढिम्म हलत नाही. सिग्नल पोचलेला असतो, पण लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ‘अनइंटरप्टिबल’ झोपलेला टास्क त्यासाठी उठतच नाही. मग कोणीतरी ड्रायव्हरचा (डिव्हाइस चालवणारा) कोड उघडतो, वेट_इव्हेंट या थांबायला लावणाऱ्या कॉलच्या जागी सिग्नलने उठणारा वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल लिहितो, कंट्रोल-सी चालू लागतं आणि पॅच जातो. खरा घोळ तिथून सुरू होतो.

रिटर्न व्हॅल्यू न बघणं ही नेहमीची चूक. म्यूटेक्स_लॉक_इंटरप्टिबल (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक मागणारं फंक्शन) सिग्नलमुळे परतलं, तर लॉक हाती आलेलंच नसतं. आपण मात्र शेवटी अनलॉक करून मोकळे. वेट_इव्हेंट_इंटरप्टिबलच्या टाइमआउटवाल्या प्रकारात उत्तरं तीन: शून्य म्हणजे वेळ संपली, धन आकडा म्हणजे काम झालं, ऋण म्हणजे सिग्नल. ‘शून्य नाही ना, मग झालं’ असं समजून मी एकदा अख्खा दिवस घालवलाय.

सगळ्यात महागात पडते ती स्टॅकवरची (फंक्शन परतताच जाणाऱ्या मेमरीतली) कम्प्लीशन, म्हणजे ‘काम झालं’ हे कळवणारं स्ट्रक्चर. डिव्हाइसला कमांड दिली आणि वेट_फॉर_कम्प्लीशन_इंटरप्टिबलवर झोपलो. सिग्नल आला, फंक्शन परतलं, स्टॅक फ्रेम गेली. डिव्हाइसला याचा पत्ताच नाही! ते आपलं काम संपवून इंटरप्ट (काम झाल्याची खूण) देतं, आणि त्याला उत्तर देणारा हँडलर त्याच जुन्या पत्त्यावर कम्प्लीट करतो. तिथे आता भलत्याच कोणाचा डेटा असतो. डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत लिहिणं) चालू असेल तर मोकळ्या केलेल्या मेमरीत हार्डवेअर लिहीत राहतं, आणि क्रॅश होतो तो ज्याचा काही संबंध नाही अशा कोडमध्ये. त्यामुळे परतण्याआधी कमांड रद्द करा आणि ती खरंच थांबलीय याची खात्री करा. नाहीतर स्ट्रक्चर हीपवर (आपण सोडेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत) घेऊन रेफरन्स काउंट, म्हणजे ते किती जण वापरताहेत याची मोजणी, ठेवा. शेवटी सोडेल तो मोकळं करेल. डिव्हाइसला रद्द करणं जमतच नसेल, तर अनइंटरप्टिबलच राहू द्या. थांबण्याला टाइमआउट लावा, आणि तो संपला की डिव्हाइस रीसेट करूनच परता.

राइट (डेटा लिहिण्याची कॉल) अर्धवट झालं असेल तर ईरीस्टार्टसिस, म्हणजे ‘कॉल पुन्हा चालवा’ सांगणारा एरर कोड, परत करू नका. प्रोग्रॅमने सिग्नलसाठी एसए_रीस्टार्ट हा पर्याय लावलेला असला तर कर्नल तीच कॉल पुन्हा चालवतो आणि ४०९६ पैकी गेलेले १००० बाइट दुसऱ्यांदा जातात. अशा वेळी १००० हाच आकडा परत द्यायचा.

डिस्कवरच्या फाइलचा रीड मध्येच तुटेल अशी तयारी बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नसते. त्यांच्यासाठी २००८ च्या २.६.२५ पासून ‘किलेबल’ झोप आहे: प्रोसेसचा जीव घेणारा सिग्नल आला तरच जाग. एक मात्र ध्यानात असू द्या, किलेबलही पीएसमध्ये ‘डी’च दिसतो. मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंदांनी येणारा हंग टास्कचा (टास्क अडकल्याचा) कर्नलचा इशारा त्याच्यासाठी येत नाही. नेमकं कुठे अडकलंय ते रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन प्रॉक या डिरेक्टरीतल्या त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) ‘स्टॅक’ फाइलमध्ये बघा.