साबणाच्या पापुद्र्यावरील रंग टिपण्याआधीची तयारी

साबणाच्या पातळ पापुद्र्यावर तरळणारे रंग मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने, टिपायचे असतील, तर द्रावणाला हात लावण्यापूर्वी प्रकाशाची मांडणी पूर्ण करून ठेवावी, कारण पापुद्रा एकदा धरला की तो बहुधा अर्धा-एक मिनिटच टिकतो आणि तेवढ्यात दिवा सरकवत बसायला सवड मिळत नाही. हे रंग साबणाचे नसतात. पापुद्र्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळताना काही रंग उजळतात आणि काही पुसले जातात, त्यामुळे पापुद्रा म्हणजे एक आरसाच आहे असे धरून चालावे.

आरशात जे दिसेल तेच चित्रात उतरणार असल्याने उघडा बल्ब कामाचा नाही; त्याचा नुसता पांढरा ठिपका उमटतो. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणून बसवावा आणि तो पापुद्र्याच्या कितीतरी पट मोठा घ्यावा. पापुद्र्याच्या जागी आधी लहानसा आरसा कॅमेऱ्याशी ४५ अंशांत कलता उभा करावा, दिवा बाजूला काटकोनात ठेवावा आणि कागदाचे प्रतिबिंब चौकटभर दिसेपर्यंत तो हलवत राहावे. रंगीत तालमीसारखी ही आरशाची तालीम मी कधीही टाळत नाही, कारण पुढचे निम्मे यश तिच्यातच असते. मागे काळी मखमल लावावी, कारण पापुद्रा आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडासाच भाग परत पाठवतो आणि मागची कोणतीही उजळ वस्तू त्याचे रंग फिके करते. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, असेल तर तो काढून ठेवावा. अशा कोनातून परतलेला प्रकाश बराचसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो आणि फिल्टर चुकीच्या बाजूला फिरला की रंगच नाहीसे होतात. स्वस्त एलईडी दिवे लुकलुकतात व त्यामुळे चित्रात आडवे पट्टे येतात, म्हणून दोन-चार चाचणी छायाचित्रे आधीच काढून पाहावीत.

द्रावण आदल्या रात्री करावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर सहा चमचे, भांडी घासण्याचा लिक्विड साबण एक चमचा आणि औषधांच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन अर्धा चमचा एवढे प्रमाण पुरते. मात्र फेस येऊ न देता सावकाश ढवळावे. पापुद्रा धरायला काचेची साधी बांगडी उत्तम, फक्त ती चिमट्याने स्टँडला घट्ट बसवावी आणि बशी द्रावणाने भरून खालून वर उचलून बांगडी तिच्यात बुडवावी. खाली ताट ठेवावे, पुसायला मऊ कापड हाताशी असावे.

पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी. बुडबुडा हवेने हलू नये म्हणून न्यूटननेही त्याच्यावर स्वच्छ काच झाकली होती, यावरून ही काळजी किती जुनी आहे ते कळते. कोरड्या उन्हाळ्यात पापुद्रा लवकर फुटतो आणि पावसाळी दमट हवेत अधिक टिकतो, तेव्हा शक्य असल्यास दिवस तसा निवडावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर असावा, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची मांडणी) हाताने ठरवलेले असावेत आणि चित्रे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, घ्यावीत. एकास एक प्रमाणात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढीच उमटत असताना, एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग रेखीव दिसतो ती, जेमतेम एक मिलिमीटर असते. पापुद्रा कलता असल्याने चौकटीतला एक पट्टाच रेखीव येणार, हे आधीच स्वीकारून तो पट्टा कोठे हवा ते ठरवावे. एफ ११ च्या पुढे जाऊ नये, कारण तेथून बारकावे मऊ पडू लागतात. रंग वाहते असल्याने शटर एक भागिले १२५ सेकंदापेक्षा मंद नसावे. प्रकाश कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा.

पहिल्या क्षणी गुलाबी आणि हिरव्या फिकट पट्ट्या दिसतात. त्यांवर मेमरी कार्ड भरू नये. द्रावण खाली उतरून वरचा भाग पातळ होऊ लागला की गडद निळा, जांभळा आणि सोनेरी रंग येतात. मग वरच्या कडेला चंदेरी पांढरी पट्टी उमटते आणि तिच्यावर काळा भाग पसरू लागतो. तेथे पापुद्रा फुटलेला नसतो, तो इतका पातळ झालेला असतो की परतणाऱ्या लहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. आता हाती काही सेकंदच असतात, म्हणून बोट कॅमेऱ्याच्या रिमोटवरून उचलू नये.