नवीन बिल्डिंगमध्ये कमी भाड्यात फ्लॅट हवाय? आधी वॉचमनशी बोला

पुण्यात दोन नवीन बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहून झालंय, आधी वाघोलीत मग पुनावळ्यात, आणि पहिल्या वेळी जे जे नडलं ते दुसऱ्या वेळी टाळलं, म्हणून लिहितोय.

नवा फ्लॅट स्वस्तात मिळायची खरी वेळ म्हणजे पझेशन सुरू झाल्यावरचे पहिले काही महिने. एकदम बऱ्याच जणांना चाव्या मिळतात, त्यातल्या कितीतरी लोकांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेला असतो, हप्ता चालू आणि फ्लॅट रिकामा, मग मालक घासाघीस ऐकून घेतो. १८ हजार सांगितले तर १६ ला बिनधास्त मागा. ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो, ते वाचवायचं असेल तर संध्याकाळी गेटवर जाऊन वॉचमनशी गप्पा मारा, कुठला फ्लॅट रिकामा, कुणाचा मालक परगावी असतो, त्याला सगळं माहीत असतं. चहा पाजा, वर चार पैसे दिले तरी ब्रोकरपेक्षा स्वस्तच पडतं.

आणि त्यालाच विचारा की दिवसाला टँकर किती येतात. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, म्हणून घराघरात पालिकेचं पाणी आलं असं नाही झालं. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्ये येतो. मी १५ हजार भाडं म्हणून खूश होतो, तिसऱ्या महिन्यात मालक म्हणतो सोसायटीनं पाण्याचे वेगळे लावलेत, ते तुम्ही भरा. करारात त्याबद्दल एक शब्द नव्हता, भरले मुकाट्यानं. तेव्हा मेंटेनन्स कोण देणार आणि वाढला तर कोण देणार, दोन्ही लिहून घ्या.

बिल्डिंगला ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र (इथे राहायला हरकत नाही असा पालिकेचा कागद) मिळालंय का हे महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून बघा, किंवा सरळ मालकाकडे कॉपी मागा. ओसी नसताना पण लोक राहायला जातात, भाडं कमी असतं म्हणून मोह होतो, पण मी तरी जाणार नाही.

फ्लॅट बघायला जाताना दिवसा जा आणि बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. हसू नका. माझ्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायचं, रोज अंघोळ झाली की वायपर घेऊन उभं राहायचं, वर्षभर. नळाच्या तोंडाची जाळी पण काढून बघा, त्यात सिमेंटचा गाळ अडकलेला असतो आणि आपण म्हणतो प्रेशर नाही. खिडकीखालच्या भिंतीला हात लावा, पहिला पावसाळा झालेला नसेल तर ओल कळणारच नाही, म्हणून शक्यतो पश्चिमेची भिंत नको.

बजेटमध्ये सगळ्यात जास्त फसतो तो इथे: नवीन म्हणजे रिकामं. ना पंखे, ना गीझर, ना पडद्याचे रॉड, ना किचनला ट्रॉली. गॅसची पाइपलाइन असते पण चालू झालेली नसते, म्हणजे सिलिंडर आला. पंखे आणि गीझर मालकाकडून लावून घ्या, भाडं पाचशेनं वाढवतो म्हणाला तरी हिशोब करा, बऱ्याचदा परवडतं. आणि घरून काम असेल तर विसरा, वर-खाली सगळीकडे फर्निचरचं काम, सकाळपासून ड्रिल.

करार ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करायलाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे. साध्या नोटरीवर भागवू म्हणाला तर नको म्हणा. खर्च फार नाही, स्टॅम्प ड्युटी कराराच्या सगळ्या महिन्यांचं भाडं धरून ०.२५ टक्के, म्हणजे १८ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असेल तर पाचशेच्या आसपास, वर शहरात १००० नोंदणी फी. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे वेगळे. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर मध्येच सोडता येत नाही, ते किती महिन्यांचं ते नीट वाचा. पोलिस व्हेरिफिकेशन त्याच दमात उरकून टाका.

सामान आत घ्यायच्या आधी मोबाइलवर सगळ्या भिंतींचा व्हिडिओ काढा, वीज मीटरचा फोटो काढा आणि दोन्ही मालकाला लगेच व्हॉट्सॲप करा. पुनावळ्याच्या मालकानं सोडताना पेंटिंगचे म्हणून डिपॉझिटमधून कापायला काढले होते, मी पहिल्या दिवशीचा तोच मेसेज वर ओढून दाखवला, हॉलमधला डाग तेव्हाच होता. गप्प बसला, दोन दिवसांत पूर्ण पैसे आले.