विलीनीकरणाआधी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि सुपरॲन्युएशन ट्रस्टची तयारी

नवी मुंबईतल्या तुर्भ्याची कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीत विलीन होणार असेल, तर एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) आदेशाची वाट न पाहता ट्रस्टच्या फायली कपाटातून काढा. विलीनीकरण योजनेच्या मसुद्यात ‘सर्व निधी आपोआप वर्ग होतील’ असं एक वाक्य असतंच, आणि सगळे त्यावर विसंबतात. पण आदेशाने वर्ग होते ती कंपनीची मालमत्ता. ग्रॅच्युइटीचा आणि सुपरॲन्युएशनचा (निवृत्तिवेतन निधीचा) पैसा ट्रस्टचा असतो, आणि प्राप्तिकर आयुक्तांची मान्यताही त्या ट्रस्टलाच मिळालेली असते, त्याच्या नियमांसकट.

म्हणून आधी मूळ मान्यता आदेश, ट्रस्ट डीड (ट्रस्टचा स्थापनेचा दस्त), प्रत्येक दुरुस्तीपत्र आणि ती दुरुस्ती प्राप्तिकर खात्याला कळवल्याची पोच, अशी जोडी लावा. घोडं अडतं ते पोचेपाशी. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत या दोन्ही निधींसाठी नियम आहे: बदल कळवला नाही, तर आयुक्त वेगळा आदेश देत नाहीत तोवर, बदल लागू झाल्या दिवसापासून मान्यता गेली असं धरलं जातं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी डीडमधली ‘नियोक्ता’ची व्याख्या बदलली आणि पत्र टाइप होऊन फायलीतच राहिलं, तर तेव्हापासून कंपनीने भरलेल्या वर्गणीची करातली वजावट अडचणीत. ती विलीनीकरणाच्या तपासणीत सापडण्यापेक्षा आपणच शोधलेली बरी. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू आहे. जुन्या आदेशावर जुनीच कलमं दिसतील, नव्या अर्जात नवी घाला.

पीएफचा स्वतःचा ट्रस्ट असेल तर ईपीएफओची (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेची) सूट, म्हणजे पीएफ त्यांच्याकडे न भरता स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवायची परवानगी, आणि प्राप्तिकराची मान्यता हे दोन वेगळे कागद, दोन्ही लागतात. सूट सोडून पैसा ईपीएफओकडे द्यायचा की दुसऱ्या कंपनीचे सभासद ट्रस्टमध्ये आणायचे, हे आधी ठरवा आणि ईपीएफओला लेखी विचारा. सभासदनिहाय खातेवही गुंतवणुकीशी जुळवा. व्याज ईपीएफओच्या दरापेक्षा कमी देता येत नाही (2024-25 साठी 8.25 टक्के), तूट निघाली तर ती नियोक्त्याने भरायची. ट्रस्ट नसेल तर काम सोपं: कंपनीचा पीएफ कोड टीएचव्हीएसएचने (वाशी) सुरू होतो की टीएचटीएचएने (ठाणे) ते पाहा, कारण वाशी आणि ठाणे ही वेगळी कार्यालयं आहेत.

ग्रॅच्युइटीचं ॲक्चुअरीकडून (अशा देण्यांचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून) नवं मूल्यांकन घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेतली वेतनाची जास्त व्यापक व्याख्या लागू झाल्याने जुना आकडा बहुधा कमी पडेल. एलआयसीची मास्टर पॉलिसी (सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकच गट पॉलिसी) असेल तर ती कोणत्या ट्रस्टच्या नावे आहे तेही पाहा.

रुजू तारखा मात्र एकेक करून तपासा. 12 जून 2017 ला लागलेल्या फिटरची तारीख नव्या पगार सॉफ्टवेअरमध्ये विलीनीकरणाचा दिवस म्हणून पडते, हा नेहमीचा घोळ. महिना 26,000 वेतन असेल तर ग्रॅच्युइटी सेवेच्या दर वर्षाला 15 दिवसांच्या वेतनाची, महिन्याचं वेतन 26 ने भागून, म्हणजे 15,000 रुपये होते. आठ वर्षं गळली की 1,20,000 गेले. शिवाय पीएफ काढताना पाच वर्षांची सलग सेवा दिसली नाही तर 50,000 किंवा त्याहून जास्त रकमेवर टीडीएसही कापला जातो.

आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यावर कंपनी निबंधकांकडे 30 दिवसांत भरायची. त्याच आठवड्यात तीच प्रत, विश्वस्तांचा ठराव आणि डीडची दुरुस्ती प्राप्तिकर खात्याकडे द्या. पोचेवर शिक्का आणि तारीख बघूनच काउंटर सोडा.