ठाण्याच्या दमट हवेत आयलाऊचा बर्फ

नेपोलियनच्या काळातील लढाया छोट्या सैनिकांनिशी टेबलावर खेळणाऱ्याला कधी ना कधी हिवाळी रणभूमी उभारावीशी वाटतेच. मी त्यासाठी ७ आणि ८ फेब्रुवारी १८०७ या दोन दिवसांची, नेपोलियनचे फ्रेंच सैन्य आणि रशियन यांच्यातील आयलाऊची लढाई निवडली. ठाण्यातील आमच्या घरात सहा बाय चार फुटांचे टेबल कायमचे मांडून ठेवणे शक्य नव्हते, म्हणून मी दोन-दोन फुटांचे सहा चौरस केले, जे पलंगाखाली मावतात. फोम कापणे, टेकड्यांना उतार देणे, कुंपणे रोवणे हे तुम्हाला येते असे मी धरून चालते. लहानपणी दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना ते फारसे नवे नसते. मला सांगायचे आहे ते बर्फाबद्दल, कारण बर्फाने माझे पाच महिन्यांचे काम वाया घालवले.

खाण्याचा सोडा आणि पांढरा गोंद एकत्र करून बर्फ करू नका. हा उपाय स्वस्त आहे, पहिल्या दिवशी अतिशय सुंदर दिसतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. मी मे महिन्यात सहाही चौरसांवर तो थर दिला आणि कोरड्या उन्हात तो ताज्या हिमासारखा भुरभुरीत दिसला. मात्र सोडा पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे. जूनपासून आपल्याकडची हवा ओलसर झाली की तो ओल धरतो, थोडा विरघळतो, पृष्ठभागावर येतो आणि तेथे पुन्हा स्फटिकरूपाने साचतो, अगदी जुन्या भिंतीला खार फुटावा तसा. माझ्या तपकिरी रस्त्यावर, चर्चच्या छपरावर, सैनिकांच्या बुटांवरही ही खरखरीत पूड उमटली. शिवाय सोडा अल्कधर्मी असल्यामुळे गोंदाबरोबरचा त्याचा थर हळूहळू पिवळा पडतो. गणपतीच्या सुमारास चौरस बाहेर काढले, तेव्हा आयलाऊचे मैदान शिळ्या सायीच्या रंगाचे झाले होते. वरून पुन्हा पांढरा रंग दिला तरी उपयोग होत नाही, कारण खार त्या रंगालाही फोडून वर येतो. हे मी दोनदा करून पाहिले आहे.

ज्या अनुभवी खेळाडूने मला हा उपाय सांगितला, त्यांची टेबले थंड आणि कोरड्या हवेच्या देशात तयार झालेली होती. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु माझे ठाम मत आहे की ज्यांनी कोकणपट्टीतील एक पावसाळा आपल्या टेबलासह काढलेला नाही, त्यांच्याकडून रचना शिकावी, साहित्य शिकू नये.

तुमच्या हातून हीच चूक झाली असेल, तर घाबरू नका. कोमट पाण्यात भिजवलेले फडके थरावर अर्धा तास ठेवले की सोडा विरघळतो, गोंद मऊ होतो आणि थर बोथट पट्टीने निघतो. फोमला पाण्याने काही होत नाही. मला प्रत्येक चौरसाला एक संध्याकाळ लागली आणि खालच्या टेकड्या जशाच्या तशा मिळाल्या.

आता मी दगडाची बारीक भुकटी वापरते. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारी पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून चालते. चाळताना तोंडाला मास्क बांधावा. विकत घेतल्यावर चमचाभर ग्लासातल्या पाण्यात टाकून पाहावी, ती विरघळली तर परत करावी, तळाशी बसली तर ठेवावी. ती पांढऱ्या अॅक्रिलिक रंगात आणि मॅट अॅक्रिलिक माध्यमात (रंगात मिसळायचा, चमक नसलेला द्रव) श्रीखंडाइतकी घट्ट कालवावी. पुढे हे मिश्रण लावलेला एक नमुन्याचा तुकडा पंधरा दिवस न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून खार फुटतो का ते पाहावे, तेही जुलैमध्ये. हा धीर तुमच्यापाशी नसेल, तर हिवाळी टेबल करू नका.

थर किती जाड असावा, याचे गणित सोपे आहे. घोट्यापर्यंतचा पंधरा सेंटिमीटर बर्फ १५ मिमीच्या सैनिकांसाठी, म्हणजे सुमारे एकास शंभर या प्रमाणात, दीड मिलिमीटर होतो. नवखे लोक बोटभर थर देतात आणि सैनिक कमरेपर्यंत बुडालेले दिसतात.

वाऱ्याची दिशाही ठरवून घ्यावी. आयलाऊच्या हिमवादळात वारा फ्रेंचांच्या तोंडावर होता. फ्रेंच सेनापती ओजेरोचे सैन्य त्यातच दिशा चुकून थेट रशियन तोफांसमोर गेले. म्हणून झाडांच्या बुंध्यांवर रशियन बाजूला बर्फ थापलेला असावा आणि दफनभूमीच्या भिंतीमागे फ्रेंच बाजूला त्याची उतरती रास असावी. तळी गोठून बर्फाखाली झाकली गेली होती, तेव्हा त्यांना चकचकीत निळा रंग देण्याचे कारण नाही. फार तर काठाशी थोडा भाग उघडा ठेवावा. रेझिन (ओतल्यावर काचेसारखे कडक होणारे द्रव) ओतण्याचा मोह पावसाळ्यात टाळावा, ते दमट हवेत धूसर होते. फोमवर फवाऱ्याचा रंगही थेट मारू नये, त्यातील द्रावक फोम वितळवतो.

कालवलेले मिश्रण संपूर्ण वापरून टाकू नका. सैनिकांच्या तळपट्ट्यांनाही तोच बर्फ लागतो आणि पुन्हा कालवलेल्या मिश्रणाची छटा सहसा जुळत नाही. मी एक घट्ट झाकणाची बरणी बाजूला ठेवते, आणि फ्रेंच सेनापती मुराच्या घोडदळाचे उरलेले स्वार रंगवून होतील तेव्हा तीच उघडणार आहे.