उडीच्या वेळी हातात न राहणारा घोडा: बिट कसं निवडावं

पाऊस उघडतो, रिंगणातली माती वाळते आणि उड्यांचा सराव पुन्हा सुरू होतो. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "एरवी घोडा गुणाचा आहे, पण अडथळा दिसला की हातात राहत नाही. कडक बिट कुठलं घालू?"

कोल्हापुरात याचं उत्तर समजावणं सोपं जातं. तालमीत समोरच्यानं मानेवर जोर दिला की आपलं अंग आपोआप उलटा जोर लावतं. घोड्याचंही तसंच होतं. लगाम सलग ताणून धरला की तो त्यावर रेलतो, आणि साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावरापुढे माणसाचे हात पुरे पडत नाहीत. म्हणून बिट, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा भाग, आपलं जुनं कडियाळं, निवडताना मी आधी हे बघतो की या घोड्याला रेलायला जागा कुठे मिळते आहे.

आधी तोंड, पाठ आणि चंदी

बिट बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे पातळ कातडीखाली लगेच हाड असतं. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील, वरच्या दाढांच्या पुढे बारीक जादा दात ('वुल्फ टूथ') असेल किंवा ओठांचे कोपरे सोललेले असतील, तर कुठलंही बिट टोचणारच. दुखलं की घोडा पळतो, आणि ओढलं की आणखी दुखतं. म्हणून नवीन बिट घेण्याआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. खोगीर पाठीला लागतं का, हेही त्याच दिवशी बघा. उडीनंतर उधळणारे कितीतरी घोडे पाठदुखीनं उधळतात.

चंदीचा, म्हणजे दाण्याचाही हिशेब करा. पावसाळ्यात घोडा आठवडाभर ठाणबंद आणि हरभरा मात्र नेहमीएवढाच, मग उघडीप मिळाल्यावर तो जोर करणारच. तिथे बिट बदलण्यापेक्षा चंदी कमी करून त्याला रोज मोकळं सोडा.

माप

सुतळीला गाठ मारून ती ओठांच्या एका कोपऱ्याला लावा, सुतळी तोंडातून नेऊन दुसऱ्या कोपऱ्यापाशी खूण करा आणि लांबी मोजा. सुट्या कड्यांच्या बिटाला दोन्ही बाजूंना साधारण पाव इंच मोकळं हवं. त्याहून रुंद बिट तोंडात सरकतं, अरुंद बिट कोपरे चिमटतं. जाड बिट मऊ असा समज आहे, पण जीभ मांसल आणि टाळू खाली असेल तर जाड बिट तोंडात मावत नाही आणि घोडा तोंड उघडूनच चालतो.

घोडा जोर कसा करतो?

इथे घाई करू नका. दुसऱ्या कुणाला तरी कडेला उभं करून मोबाइलवर चित्रीकरण करून घ्या, कारण खोगिरावरून सगळेच जोर सारखे वाटतात.

मान खाली घालून हातावर ओझं टाकणाऱ्याला अनेक सांध्यांचं, साखळीसारखं 'वॉटरफोर्ड' उपयोगी पडतं, कारण त्यावर टेकायला सलग दांडा मिळत नाही. मात्र हात स्थिर हवा, डावी-उजवी ओढाओढ केली तर ते तोंड सोलतं. अशाच घोड्याला तीन कड्यांचं 'डच गॅग'ही लावतात. त्याचा दाब तोंडाबरोबर कानांमागच्या पट्ट्यावर येतो. ते दोन लगामांनी वापरा, एक मोठ्या कड्याला आणि एक खालच्या. एकच लगाम सगळ्यांत खालच्या कड्याला बांधून उड्या मारणं मला पटत नाही. तरफ मोठी होते आणि हात सैल केला तरी दाब उशिरा सुटतो.

हनुवटी छातीकडे ओढून पळणाऱ्याला गॅगसारखं तरफेचं बिट देऊ नका, तो मान आणखी गुंडाळतो. डोकं वर फेकणाऱ्याची आधी पाठ आणि दात बघा, मग रनिंग मार्टिंगेल, म्हणजे छातीकडून येऊन कड्यांतून लगाम ओवून घेणारा पट्टा. तेवढ्यानं भागलं नाही आणि स्वाराचा हात तयार असेल तर 'पेलहम' चालेल, म्हणजे बाजूला दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असलेलं तरफेचं बिट. त्याची साखळी हनुवटीखालच्या खाचेत सपाट बसावी आणि बिटाची दांडी साधारण ४५ अंश फिरल्यावरच लागावी.

जबडा तिरका करणाऱ्याला अनेकदा वेगळ्या नोजबँडनं (नाकावरच्या पट्ट्यानं) फरक पडतो. नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात जातील एवढी ढील ठेवा. एका बाजूला निसटणाऱ्याला 'फुल चीक', कारण उभ्या दांड्या गालाला लागून वळायला मदत करतात. बिनबिटाचं यांत्रिक 'हॅकमोर' सौम्य समजू नका. त्याचा पट्टा नाकाच्या हाडावर बसला पाहिजे, खाली मऊ भागावर सरकला तर श्वास अडतो.

आणि काटेरी लगाम कुणी दिला तर परत करा. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटे, गाठी किंवा टोकं असलेलं बिट वापरायला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे.

रेसकोर्सवरून आलेला घोडा

आपल्याकडे उड्यांसाठी येणारे बरेच घोडे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे असतात. शर्यतीत जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्यावर टेकून पळतो. म्हणजे ओढ याचा अर्थ त्याच्या लेखी 'पळ'.

माझा एक घोडा असाच होता. एका जाणत्या माणसाच्या सल्ल्यानं मी त्याला बारीक, पिळाचं बिट घातलं. पहिल्या दिवशी तो जागच्या जागी थांबला आणि मी खूश झालो. तिसऱ्या आठवड्यात तो अडथळ्यापाशी येऊन उभाच राहू लागला. प्रत्येक उडीत माझा हात मागे राहत होता आणि त्याच्या तोंडाला हिसका बसत होता. उडी म्हणजे दुखणं, हे त्याला मीच शिकवलं. नंतर रबरी सरळ बिट घालून दोन महिने फक्त जमिनीवरच्या बांबूंवरून नेला, तेव्हा त्याचा विश्वास परत आला. आजही त्या तोंडाची मला मनापासून माफी मागावीशी वाटते.

नवीन बिटाची परीक्षा

एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिले तीन-चार दिवस उडी नको. दुडकीतून चाल, चालीतून थांबा, पुन्हा दुडकी. मग दुडकीसाठी एकमेकांपासून साधारण सव्वाचार फुटांवर जमिनीवर बांबू टाका, ते जमलं की छोटा फुलीचा अडथळा. घोडा वेग वाढवू लागला तर लांबूनच वर्तुळात घ्या. शेवटच्या तीन-चार झेपांत वळवलंत तर तो अडथळा टाळायला शिकेल.

उडीवर हात पुढे सोडता येत नसेल तर मानेत जुना रिकिबीचा पट्टा बांधून तो धरा. तोवर तरफेचं कुठलंही बिट वापरू नका.

घोडा जबडा मऊ ठेवून बिट हलकं चघळत असेल, उडीनंतर जमिनीवर आल्यावर दोन-तीन झेपांत ऐकत असेल, तर निवड बरोबर आहे. जीभ बाहेर, तोंड उघडं, शेपटी सारखी झटकणं, उतरताना पाठ खाली दबणं, यातलं काही दिसलं तर मागच्या बिटावर परत जा. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या गटाला कुठलं बिट चालतं ते नियमपुस्तकात बघून ठेवा.

कडक बिट फक्त उडीच्या दिवशी, रोजच्या रपेटीला साधं, बिनतरफेचं स्नॅफल. काम झाल्यावर बिट धुवा आणि कड्यांच्या सांध्यात धार आली आहे का, ते बोट फिरवून बघा. डिसेंबरच्या पहाटे स्टील गार पडतं, तेव्हा बिट तोंडात देण्याआधी दोन मिनिटं हातात धरून ऊब द्या.