नवीन लिनक्स टाकलं आणि रूटने एसएसएच होईना? या चुका टाळा

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड दिला, मशीनसमोर बसून तोच पासवर्ड मस्त चालतो, पण लॅपटॉपवरून एसएसएच केलं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन केलं, की परमिशन डिनाइड! मग माणूस पासवर्ड तीनदा बदलतो, कॅप्स लॉक बघतो आणि शेवटी सगळं परत इन्स्टॉल करायला घेतो. मी पण केलंय हे, लपवण्यासारखं काही नाही. पासवर्ड चुकलेलाच नसतो हो. ओपनएसएसएच (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्राम) 7.0 पासून, म्हणजे 2015 पासून, त्याच्या एसएसएचडी कॉन्फिग फाइलमधल्या पर्मिटरूटलॉगिन या सेटिंगचं डिफॉल्ट प्रोहिबिट-पासवर्ड आहे, म्हणजे रूटला एसएसएच की (किल्लीची फाइल) चालेल, पासवर्ड नाही.

यावर बहुतेक जण काय करतात, तर त्या सेटिंगला येस टाकून मोकळे होतात. घरातल्या टेस्ट मशीनवर ठीक आहे, पण पब्लिक आयपीवर नको. रूट हे नाव प्रत्येक लिनक्सवर असतंच, त्यामुळे बॉटला (आपोआप लॉगिन मारून बघणाऱ्या प्रोग्रामला) युजरनेम शोधावंच लागत नाही, नुसते पासवर्ड मारत बसायचे.

त्यापेक्षा डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडा. मग रूट लॉक होतो आणि पहिल्या युजरला आपोआप सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) मिळतं. पासवर्ड दिलात तर मिळत नाही, आणि इथेच लोक अडकतात. आता देऊन बसलाच असाल तर रूट होऊन युजरला सुडो ग्रुपमध्ये टाका (सुडो पॅकेज नसेल तर आधी ते), फक्त रूट होताना एसयू कमांडच्या पुढे डॅश द्यायला विसरू नका, नाहीतर यूजरमॉड (युजरला ग्रुपमध्ये टाकायची कमांड) टाइप केल्यावर कमांड नॉट फाउंड येतं आणि डोकं अजून फिरतं. यूजरमॉडला छोटा ए आणि मोठा जी दोन्ही द्या, ए राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून युजर बाहेर!

फेडोरात (लिनक्सचा आणखी एक प्रकार) रूटला पासवर्डने एसएसएच द्यायचं का याचा चेकबॉक्स इन्स्टॉलरमध्ये दिसला, तर त्याला हात लावू नका.

सगळ्यात डोकेदुखी म्हणजे फाइल बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी फरक शून्य. एसएसएचडी (मशीनवर एसएसएच लॉगिन घेणारी सर्व्हिस) पहिली सापडलेली व्हॅल्यू धरतो, शेवटची नाही, आणि डेबियन-उबंटूत एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरच्या फाइली मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वाचल्या जातात. क्लाउडवरच्या मशीनमध्ये तिथे क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामची) फाइल बसलेली असू शकते. एसएसएचडीला मोठा टी देऊन चालवा, खरं काय लागू आहे ते दिसेल. छोटा टी दिला तर स्पेलिंगची चूक रीस्टार्टआधीच कळते.

आणि हे करताना चालू सेशन बंद करू नका, दुसऱ्या टर्मिनलवरून लॉगिन होतंय ना ते आधी बघा.